डबा वाजला, शिकले कोण?

सालेकसा मागे टाकून गाडी डोंगरगडच्या दिशेने निघाली की दरेकसा स्टेशन येते. आजूबाजूला डोंगर आणि दाट झाडी, जवळच रेल्वेचा बोगदा, आणि पावसाळ्यात हाजरा धबधब्याचा अखंड घोष. इंजिनाने शिटी दिली की ती डोंगरावर आपटून परत येते. गाडी बोगद्यात शिरली की तिच्या खडखडाटाचा सूरच बदलतो. माघ पौर्णिमेला जवळच्या कचारगडला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. दूरदूरच्या राज्यांतून माणसे येतात. ध्वनीची निर्मिती, परावर्तन, प्रतिध्वनी, गोंगाट या सगळ्यांची उदाहरणे गोंदिया जिल्ह्याच्या या टोकाला वर्गाबाहेर आयती हजर आहेत.

अशा ठिकाणच्या शाळेत ‘आपला ध्वनिवर्धक आपणच बनवू या’ अशी कार्यशाळा घ्यायची ठरली, तर ती कशी असावी? या लेखाचा प्रश्न एवढाच आहे. परंतु उत्तराकडे जाण्यापूर्वी अशा कार्यशाळा आपल्याकडे ज्या पद्धतीने होतात, त्या पद्धतीवर टीका करणे आम्हांस आवश्यक वाटते. त्या टीकेतून आम्ही स्वतःला वगळलेले नाही.

आमचा फसलेला प्रयोग

काही वर्षांपूर्वी पूर्व विदर्भातल्या एका शाळेत आम्ही अशीच एक दिवसाची कार्यशाळा घेतली. प्रत्येक गटाला एक पिशवी दिली. पिशवीत एलएम ३८६ ही छोटी चिप, चार-पाच कपॅसिटर, एक-दोन रोध, आठ ओहमचा स्पीकर, ९ व्होल्टची बॅटरी आणि पुठ्ठ्याचा डबा. फळ्यावर परिपथाची आकृती काढली. मुलांनी आकृतीबरहुकूम टाके मारले, आम्ही मधून मधून फिरलो, चुकलेल्या जागा स्वतःच दुरुस्त करून दिल्या. संध्याकाळी पाच वाजता बहुतेक सगळे डबे वाजले. टाळ्या झाल्या, छायाचित्र झाले, मुख्याध्यापकांनी आभार मानले. आम्ही समाधानाने परतलो.

तीन महिन्यांनी पुन्हा त्या शाळेत जाण्याचा योग आला. डबे प्रयोगशाळेच्या कपाटात ओळीने ठेवले होते. एक-दोन सोडले तर सगळे मुके. काय झाले, हे एकाही विद्यार्थ्याला सांगता येईना. शिक्षकांनाही येईना. आणि खरे सांगायचे तर डबे न उघडता आम्हांलाही येईना.

गावात लग्नसमारंभाला भोंगे लावणारा एक कारागीर होता. त्याला बोलावले. त्याने एक डबा हातात घेतला, पेचकसाच्या मुठीने पट्टीवर हलकेच टिचकी मारली. डबा क्षणभर खरखरला आणि गप्प झाला. “सर, हा टाका धरलाच नाही ना! वरून चकचकीत दिसते, आत सुटा आहे.” दुसऱ्या डब्यात स्पीकरकडे जाणारी तार टाक्यापाशीच तुटली होती. उरलेल्यांपैकी बऱ्याच डब्यांत बॅटरी संपली होती. ही चिप गप्प बसली असतानाही सुमारे ४ मिलिअँपिअर विद्युतधारा घेते. लहान ९ व्होल्टच्या बॅटरीची क्षमता ४०० मिलिअँपिअर-तास धरली, तर बटण चालू राहिलेला डबा काही न वाजवता चार दिवसांत बॅटरी रिकामी करतो. हा हिशेब आम्ही त्या दिवशी फळ्यावर मांडला नव्हता. मांडला असता तर सातवीच्या मुलालाही समजला असता.

त्या भेटीतून आम्ही एक कसोटी उचलली. कार्यशाळेचे यश संध्याकाळी पाच वाजता मोजू नये. तीन महिन्यांनी एका विद्यार्थ्याला दुसऱ्याचा बंद पडलेला डबा दुरुस्त करता येतो का, यावर ते मोजावे. आता ही कसोटी आपण काही प्रसिद्ध प्रयत्नांना लावून पाहू.

हौशी मंडळी काय करतात

ध्वनियंत्रे घरी बनवण्याचा छंद जगभर आहे आणि आपल्याकडेही जुना आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे भाग शोधत फिरणाऱ्या हौशींच्या काही पिढ्या झाल्या. या मंडळींचे शिक्षण दुकानाच्या फळीवर, मित्राच्या खोलीत, एकमेकांच्या चुका पाहत झाले.

या छंदातील अलीकडचे एक चांगले उदाहरण अमेरिकेतील आहे. नेल्सन पास हे तिथले नामवंत ध्वनिवर्धक-रचनाकार. त्यांनी २०१२ साली नवशिक्यांसाठी ‘अ‍ॅम्प कॅम्प’ या नावाने कॅलिफोर्नियात एक शिबिर योजले आणि त्यासाठी मुद्दाम एक साधा ध्वनिवर्धक रचला. शक्ती जेमतेम ५ वॅटच्या आसपास. मोजके भाग. विजेसाठी लॅपटॉपला असतो तसा १९ व्होल्टचा बंद अडॅप्टर, म्हणजे घरातल्या विजेच्या तारांना नवशिक्याचा हात लागण्याचा प्रश्नच नाही. परिपथाची आकृती आणि तो कसा चालतो याचे वर्णन सर्वांसाठी खुले केले. अनुभवी हौशी नवख्यांच्या शेजारी बसले आणि संध्याकाळी लोक आपापला ध्वनिवर्धक घेऊन घरी गेले.

यातल्या तीन गोष्टी आम्हांस अनुकरणीय वाटतात. पहिली, सुरक्षितता सूचनांवर न सोपवता रचनेतच बसवली आहे. दुसरी, रचना इतकी साधी ठेवली आहे की ती संपूर्ण समजून घेता येते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, शिकवणारा समोर उभा नाही, शेजारी बसला आहे. टाका कसा धरतो हे भाषणातून कळत नाही. आधी तार आणि पट्टी दोन्ही तापवायच्या, मग सोल्डर त्यांना लावायचे, आयर्नच्या टोकाला नाही. सोल्डर वितळून आपसूक पसरले की आयर्न काढायचे आणि थंड होईपर्यंत तार हलू द्यायची नाही. हे चार शब्दांत सांगता येते, पण हाताला ते दहा-वीस टाक्यांनंतर येते, तेही कोणी बाजूने पाहत असेल तर.

तरीही हे शिबिर जसेच्या तसे उचलून दरेकशाला आणावे, असे आम्ही म्हणणार नाही. हा ध्वनिवर्धक ‘अ’ वर्गाचा आहे, म्हणजे गाणे वाजत नसतानाही तो सतत मोठी विद्युतधारा घेतो आणि तिची उष्णता करून टाकतो. त्यासाठी ॲल्युमिनिअमचे मोठे उष्णताशोषक लागतात. खर्च वाढतो, आणि एखादा ट्रान्झिस्टर गेला तर तो तालुक्याच्या बाजारात मिळण्याची आशा नको. त्याहून महत्त्वाचा फरक असा की तिथे येणारा माणूस हौशी आहे. घरी त्याच्याजवळ आयर्न आहे, मीटर आहे, सोबतीला मित्र आहेत. शिबिर संपले तरी त्याची सोबत संपत नाही. आमच्या शाळेतल्या मुलाची मात्र संध्याकाळी पाचलाच संपली. आम्ही हौशींचे किट आणले, त्यांची सोबत आणायची राहून गेली.

‘पन्नास वेढे’ कुठून आले?

आता कृतींकडे वळू. कागदी पेल्याचा स्पीकर ही कृती आता घरोघर पोहोचली आहे. पेल्याच्या बुडाला तारेचे कुंतल चिकटवा, त्याच्यासमोर चुंबक धरा, तारेची टोके ध्वनिवर्धकाला जोडा, पेला गाऊ लागतो. कृती सुरेख आहे. दहावीचा ‘विद्युतधारेचे परिणाम’ आणि नववीचा ‘ध्वनीचा अभ्यास’ हे दोन पाठ एका पेल्यात एकत्र येतात. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली ज्या प्रकारच्या स्पीकरचे वर्णन प्रसिद्ध केले, त्याच तत्त्वावर आजचे बहुतेक स्पीकर चालतात, आणि पेलाही तेच करतो. कुंतलातून विद्युतधारा वाहते, चुंबकीय क्षेत्रात त्यावर बल येते, धारेची दिशा बदलली की बलाची दिशा बदलते, आणि पेला त्या तालावर पुढे-मागे होतो.

आमची तक्रार एका वाक्याबद्दल आहे. “तारेचे ५० वेढे घ्या.” पन्नासच का? कृती देणारा सांगत नाही, करणारा विचारत नाही.

हिशेब करून पाहू. ३६ गेजची वाइंडिंगची तार घेतली तर तिचा व्यास साधारण ०.२ मिलिमीटर. तांब्याची रोधकता १.७ × १०⁻⁸ ओहम-मीटर धरली, तर अशा एक मीटर तारेचा रोध सुमारे ०.५५ ओहम येतो. वेढ्याचा व्यास २५ मिलिमीटर असेल तर एका वेढ्याला ७.८५ सेंटिमीटर तार लागते. पन्नास वेढ्यांना ३.९ मीटर. रोध झाला सुमारे २.१ ओहम. आता आमची चिप ४ ते ३२ ओहमच्या स्पीकरसाठी बनवलेली आहे. दोन ओहमचा पेला जोडला की तिच्यावर झेपेल त्यापेक्षा जास्त धारेचा भार येतो. चिप तापते, आवाज फाटतो, बॅटरी लवकर उतरते. विद्यार्थी म्हणतो, “चिपच खराब होती.” आठ ओहम हवे असतील तर सुमारे १४.६ मीटर तार, म्हणजे १८५ वेढे घ्यावे लागतील.

मग १८५ वेढे घेतले की झाले का? तेही नाही. एवढ्या तारेचे वस्तुमान सुमारे ४ ग्रॅम होते. हलक्या पेल्याच्या बुडाला हे ओझे बांधले की ते दर सेकंदाला हजारो वेळा हलवणे कठीण जाते आणि उंच स्वर दबतात. वेढे वाढवले तर बल वाढते, पण वजनही वाढते. बारीक तार घेतली तर वजन घटते, पण ती हाताळताना तुटते. कारखान्यात स्पीकर बनवणाऱ्यालाही हीच तडजोड करावी लागते. म्हणून आमचे म्हणणे असे की वर्गात ‘५०’ हा आकडा देऊच नये. एका गटाला ५०, दुसऱ्याला १००, तिसऱ्याला १८५ वेढे घेऊ द्यावेत. आधी प्रत्येकाने रोध कागदावर काढावा, मग मीटरने मोजावा, मग तिन्ही पेले एकाच गाण्यावर ऐकावेत. दोन ओहमच्या पेल्याला चिपशी जोडण्याआधी त्याच्या मालिकेत एक ५-६ ओहमचा रोध घालावा, म्हणजे चिप वाचते. मीटर अडीच-तीनशे रुपयांत येतो. एक कृती कमी करावी, पण मीटर घ्यावा.

कानाने मोजण्याच्या दोन गोष्टी

आमच्या फसलेल्या कार्यशाळेत मुलांनी भाग जोडले, पण एकही भाग बदलून पाहिला नाही. भाग बदलल्याशिवाय तो तिथे कशासाठी आहे हे कळत नाही. यासाठी महाग साधने लागत नाहीत, कान पुरतो.

चिपच्या निर्गमावर, स्पीकरच्या वाटेत, एक मोठा कपॅसिटर असतो. तो बॅटरीची एकदिश धारा अडवतो आणि ध्वनीची बदलती धारा जाऊ देतो. परंतु सगळ्या स्वरांना तो सारखी वाट देत नाही. एक भागिले (दोन × पाय × रोध × धारिता) एवढ्या वारंवारतेखालचे स्वर तो दाबू लागतो. आठ ओहमच्या स्पीकरला २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर ही सीमा सुमारे ९० हर्ट्झवर येते. तिथे १० मायक्रोफॅरडचा लावला तर ती जवळजवळ २००० हर्ट्झवर जाते. विद्यार्थ्याला सूत्र न सांगता दोन्ही कपॅसिटर आलटून पालटून लावायला द्यावेत. ढोलकीचा ‘धुम्’ गायब होऊन नुसती ‘टिक्’ उरली की तो स्वतःच विचारतो, “जाड आवाज गेला कुठे?” सूत्र त्यानंतर सांगावे. मग ते त्याच्या प्रश्नाचे उत्तर असते.

दुसरी गोष्ट याहून सोपी. उघडा स्पीकर हातात धरून वाजवावा. आवाज किरटा येतो. मग मोठ्या पुठ्ठ्याला स्पीकरच्या तोंडाएवढे भोक पाडून स्पीकर त्यावर दाबून धरावा. आवाज एकदम भरतो. पडदा पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. उघड्या स्पीकरभोवती ही दोन्ही टोके मिळतात आणि खालचे स्वर एकमेकांना मारतात. पुठ्ठा त्यांची गाठ पडू देत नाही. मडके, बांबूची टोपली, पत्र्याचा डबा असे वेगवेगळे देह स्पीकरला देऊन पाहावेत. आमच्या पुठ्ठ्याच्या डब्याचे काम शोभेचे नव्हते, हे आम्ही मुलांना सांगायला हवे होते.

याच ठिकाणी वॅटचा मोहही उतरवता येतो. मुलांना वाटते, दहापट वॅट म्हणजे दहापट आवाज. अर्ध्या वॅटवरून ५ वॅटवर गेलो तर ध्वनीची पातळी १० डेसिबलने वाढते, आणि कानाला ती साधारण दुप्पट वाटते. ज्या काळात गावोगाव मिरवणुकांत भिंतीएवढे स्पीकर उभे राहतात, त्या काळात हा हिशेब शाळेत शिकवण्याजोगा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. ध्वनिवर्धक बनवायला शिकवणाऱ्याने ती सांगितलीच पाहिजे.

आपल्याकडची दोन कामे

आता आमची कसोटी आपल्या परिसरातील दोन मोठ्या कामांना लावू.

पहिले होशंगाबादचे (आताचे नर्मदापुरम). मध्य प्रदेशातील या जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ माध्यमिक शाळांतून प्रयोगाधारित विज्ञान शिकवण्यास सुरुवात केली. पुढे ते जिल्हाभर पसरले आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने ते सांभाळले. कार्यक्रमात किट होतेच. परंतु किटच्या मागे शिक्षकांचे प्रशिक्षण होते, दर महिन्याच्या बैठका होत्या, आणि मुलांच्या पत्रांना उत्तरे देणारा ‘सवालीराम’ होता. ज्या शिक्षकाचा प्रयोग फसला, तो महिनाभरात दुसऱ्या शिक्षकांपुढे ते मांडू शकत होता. हौशींच्या जगातली सोबत इथे शासकीय शाळांत आणून दाखवली गेली. २००२ साली शासनाने कार्यक्रम बंद केला. त्याची उणीव काढायचीच तर ही, की इतकी वर्षे चाललेली ही सोबत शासनाच्या एका निर्णयावर टांगलेली राहिली. याच कार्यक्रमात सत्तरच्या दशकाअखेरीस अरविंद गुप्ता दाखल झाले आणि काडेपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबची त्यांची खेळणी देशभर गेली. पुढे पुण्याच्या आयुकामधील विज्ञान शोधिकेतून त्यांनी हे काम चालवले. त्यांच्या खेळण्यांत कापून, मोडून, बदलून पाहण्याला वाव आहे. पेंढ्याची पिपाणी वाजवता वाजवता कापत गेले की सूर चढत जातो, हा त्याचा नमुना. पण आम्ही शिक्षक पुष्कळदा पिपाणी वाजली की थांबतो आणि पुढचे खेळणे घेतो. दोष खेळण्याचा नाही, आमच्या घाईचा आहे.

दुसरे काम पाबळचे. पुणे जिल्ह्यातील या गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे मुले वेल्डिंग, वीजकाम, शेती, स्वयंपाक असे अनेक विषय हाताने काम करत शिकतात, आणि ते काम गावाच्या उपयोगाचे असते. दुसऱ्याच्या घरची वस्तू दुरुस्त करायची म्हटली की टाका धरला की नाही हे गुणपत्रिका सांगत नाही, ती वस्तू सांगते. २००२ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने तेथे फॅब लॅब उभी राहिली. आमची तीन महिन्यांची कसोटी पाबळच्या पद्धतीत मुळातच भरलेली आहे. अडचण एवढीच की साऱ्या शाळांना असा पूर्ण आश्रम उभा करता येणार नाही. त्यातला दुरुस्तीचा भाग मात्र कोणत्याही शाळेला उचलता येईल.

पैशाचा प्रश्न आता पूर्वीसारखा नाही. केंद्र शासनाच्या २०१६ सालच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठेवले होते, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत शासकीय शाळांत अशा ५० हजार प्रयोगशाळा काढण्याची घोषणा झाली. आनंदाची गोष्ट आहे. परंतु यंत्रे येण्याआधी आम्ही एक प्रश्न विचारू इच्छितो. आयर्नचे टोक झिजले, तार संपली, चिप जळली, तर त्या शाळेत कोणाकडे जायचे?

दरेकशात शेजारी कोण बसेल?

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या भोंगेवाल्याने दिले. पूर्व विदर्भ हा झाडीपट्टी रंगभूमीचा मुलूख. दिवाळीनंतर मंडई भरतात, रात्र-रात्र नाटके, दंडारी चालतात. उघड्या मैदानावर हजारोंना नटाचा शब्द ऐकू जावा लागतो, आणि ते काम करणारी माणसे गावोगाव आहेत. भोंग्याचे युनिट उघडून जळलेला डायफ्राम बदलणारा, माईकच्या वायरचा तुटका टाका अंधारात शोधणारा, मोबाइल दुरुस्त करणारा तरुण, ही आपल्या भागातली ध्वनिविद्येची हौशी मंडळी. त्यांच्यातल्या अनेकांचे शालेय शिक्षण थोडे असेल. त्यामुळे शाळेच्या कार्यशाळेत त्यांना कोणी बोलावत नाही. बोलावले तर मंडप बांधायला.

या माणसांची दोष शोधण्याची रीत पाहण्यासारखी असते. ती शेवटापासून सुरू होते. आधी बॅटरी पाहायची. मग स्पीकर सुटा करून त्याच्या टोकांना क्षणभर दीड व्होल्टचा सेल लावायचा. ‘खट्’ असा आवाज आला तर स्पीकर शाबूत. मग ध्वनिवर्धकाच्या आगमावर बोट टेकवायचे. स्पीकरमध्ये गुरगुर ऐकू आली तर पुढचे सगळे ठीक, दोष त्याच्या मागे, वायरीत किंवा मोबाइलच्या जोडणीत. गुरगुर नसेल तर दोष मधल्या भागात. एकेक शक्यता अशी पुराव्याने बाद करत जाणे, यालाच आपण वैज्ञानिक पद्धत म्हणतो. पुस्तकात ती निरीक्षण, गृहीतक, पडताळणी अशा शब्दांत येते आणि मुले ती पाठ करतात. येथे ती पाच मिनिटांत डोळ्यांदेखत घडते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कारागिराला ‘कसे’ माहीत असते, ‘का’ नेहमीच माहीत असते असे नाही. बोट टेकवल्यावर गुरगुर का येते, असे विचारले तर तो म्हणेल, “येतेच.” तिथे शिक्षकाची जागा आहे. आपले शरीर घरातल्या वीजतारांच्या ५० हर्ट्झच्या क्षेत्रात अँटेनासारखे असते, हे शिक्षकाने सांगावे. एकाकडे हात, दुसऱ्याकडे सूत्र. दोघे एका टेबलाशी बसले तर विद्यार्थ्याला दोन्ही मिळते. आणि गावच्या मिस्त्रीला शाळेत खुर्ची मिळालेली पाहणे, हाही मुलांसाठी एक पाठ आहे.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला, धोका. तो खरा आहे, म्हणून मुलांचे काम ९ व्होल्टच्या बॅटरीपलीकडे जाऊ नये. मंडपाचा मोठा अॅम्प्लिफायर मिस्त्रीनेच उघडावा आणि मुलांनी दुरून पाहावा, कारण प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये भार राहू शकतो. नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसे असते. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. दुसरा आक्षेप, वेळ. एका दिवसाच्या सोहळ्याऐवजी महिन्यातून एक शनिवार दोन तास, असे चार महिने, यात एकूण वेळ फारसा वाढत नाही. पहिल्या शनिवारी टाके, दुसऱ्या शनिवारी कुंतल, तिसऱ्या शनिवारी ध्वनिवर्धक आणि चौथ्या शनिवारी फक्त दुरुस्ती. चौथ्या दिवशी प्रत्येक गटाने दुसऱ्याच्या डब्यात मुद्दाम एक दोष घालावा आणि तो शोधायला द्यावा. तिसरा आक्षेप, परीक्षेचा. त्याला आमचे उत्तर वर आलेच आहे. रोधकता, विद्युतधारेचे चुंबकीय परिणाम, वारंवारता, आयाम हे सगळे पाठ्यपुस्तकातलेच आहे.

पेला उलटा धरला की

शेवटी एक गोष्ट सांगायची राहिली, आणि दरेकशासाठी ती आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. पेल्याचा स्पीकर ध्वनिवर्धकाच्या निर्गमावरून काढून आगमावर लावा, आणि पेल्यात बोला. आवाजाने पेला हलतो, कुंतल चुंबकासमोर हलते, त्यात विद्युतधारा प्रवर्तित होते. स्पीकरचा माईक झाला. आवाज बारीक येतो, पण येतो. दुसऱ्याचे गाणे वाजवणारी वस्तू आता आपला आवाज उचलते.

या भागात गोंडी बोलणारी घरे आहेत. २०११ च्या जनगणनेत देशभरात गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९.८ लाख लोक होते. शाळेत ही भाषा क्वचितच ऐकू येते. शेजारच्या छत्तीसगडमध्ये २०१० पासून सीजीनेट स्वरा या उपक्रमाने साध्या फोनवरून लोकांना आपल्या भाषेत बातमी आणि गाणे नोंदवण्याची सोय केली होती. आपल्या शाळेला एवढे मोठे काम नको. मुलांनी स्वतः गुंडाळलेल्या कुंतलाचा माईक घेऊन घरी जावे, आजीला एक गाणे म्हणायला सांगावे, आणि ते मोबाइलमध्ये उतरवून आपल्याच डब्यावर वर्गात ऐकवावे. खरखर असेल, जाड स्वर दबले असतील. ते का दबले हे त्या मुलाला माहीत असेल, आणि कोणता भाग बदलायचा तेही.

आम्ही त्या शाळेच्या कपाटातले डबे परत मागून आणले आहेत. पुढच्या वेळी किटची पिशवी घरी ठेवणार आहोत. पहिल्या शनिवारी मुलांपुढे हे मुके डबेच ठेवू, आणि त्यांच्या शेजारी भोंगेवाल्या भाऊंची खुर्ची.